नामदार गोखले : एका वक्त्याची घडण

वक्तृत्व ही जन्मजात देणगी आहे, असा समज आपल्याकडे फार जुना आहे. खणखणीत आवाज, भारदस्त देहयष्टी, प्रसंगावधान आणि श्रोत्यांच्या अंतःकरणाचा ठाव घेणारी शब्दकळा ज्याच्यापाशी उपजत असेल त्यानेच व्यासपीठावर पाऊल ठेवावे, इतरांनी समोर बसून ऐकावे, अशी जणू वाटणीच ठरून गेलेली होती. कीर्तनकार आणि पुराणिक यांच्या परंपरेत वाढलेल्या समाजाला हा समज स्वाभाविक वाटावा, यात नवल नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालमध्ये सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांच्या मेघगंभीर वाणीने आणि महाराष्ट्रात शिवराम महादेव परांजपे यांच्या वक्रोक्तिपूर्ण व्याख्यानांनी तो अधिकच दृढ केला. गोपाळ कृष्ण गोखले यांच्यापाशी या सामग्रीपैकी फारच थोडे होते. आवाज स्पष्ट, पण बेताचा. विनोदाचा उपयोग विरळ. अलंकारांची हौस नाही. आणि बोलण्याच्या आदल्या दिवसांत जीव घाबराघुबरा करणारी अस्वस्थता मात्र पुष्कळ. तरीही १९०२ ते १९१२ या दहा वर्षांत कलकत्त्याच्या वरिष्ठ विधिमंडळात ज्या एका हिंदी सभासदाच्या भाषणाची सरकारी बाकांवर आधीपासून तयारी करावी लागे, तो हाच मनुष्य. ज्या सभेत मते आपल्या बाजूची नाहीत आणि ती होण्याचा संभवही नाही, तेथे बोलावयाचे ते कशासाठी आणि कसे, हा प्रश्न त्यांच्या सार्वजनिक आयुष्याला प्रारंभापासून चिकटलेला होता. त्यांचे वक्तृत्व या प्रश्नातून घडत गेले.

गोखले यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावी झाला. वडील कृष्णराव कोल्हापूरजवळच्या कागल संस्थानात साध्या नोकरीवर होते. १८७९ मध्ये ते वारले, तेव्हा गोपाळ तेरा वर्षांचा होता. थोरले बंधू गोविंदराव यांनी स्वतःचे शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यांतील आठ रुपये ते दरमहा धाकट्या भावाला कोल्हापुरास पाठवू लागले. या आठ रुपयांचे ओझे गोखले यांच्या मनावरून कधी उतरले नाही. राजाराम कॉलेज, डेक्कन कॉलेज आणि एल्फिन्स्टन कॉलेज अशी वाटचाल करून १८८४ मध्ये ते पदवीधर झाले. गणित हा त्यांचा आवडता विषय होता. पाठांतराची शक्ती विलक्षण होती. बर्कचा फ्रेंच राज्यक्रांतीवरचा ग्रंथ त्यांनी जवळजवळ मुखोद्गत केला होता, असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदविले आहे. या पाठांतराने त्यांना इंग्रजी वाक्याचा तोल दिला. परंतु बर्कचा आवेश त्यांनी घेतला नाही. तो त्यांच्या प्रकृतीला मानवणारा नव्हता आणि हे त्यांना लवकर उमगले, हे त्यांच्या विवेकाचे पहिले चिन्ह म्हणावे लागेल.

१८८५ च्या आरंभी ते पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले आणि पुढे डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद म्हणून फर्ग्युसन कॉलेजात शिकवू लागले. इंग्रजी, गणित, इतिहास, अर्थशास्त्र यांपैकी जो विषय संस्थेला शिकवून हवा असेल तो तयारी करून शिकविणे हे त्यांच्या वाट्याला आले. अंकगणिताचे त्यांचे पाठ्यपुस्तक पुढे अनेक वर्षे शाळांतून चालत राहिले. वर्गात शिकविणे आणि सभेत बोलणे या भिन्न गोष्टी आहेत असे मानण्याची प्रथा आहे. गोखले यांच्या बाबतीत ती सोडून द्यावी लागते. समोरच्याला अमुक एक गोष्ट ठाऊक नाही असे गृहीत धरून, तिची एकेक पायरी त्याच्या पायाखाली ठेवीत त्याला वर न्यावयाचे, मध्ये एकही पायरी गाळावयाची नाही आणि आपण शहाणे आहोत असा भास होऊ द्यावयाचा नाही, ही गणिताच्या शिक्षकाची रीत त्यांनी विधिमंडळापर्यंत नेली.

त्यांची खरी शाळा मात्र वेगळीच होती. १८८७ च्या सुमारास त्यांचा न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी निकट संबंध आला आणि तो रानडे यांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे जानेवारी १९०१ पर्यंत टिकला. सार्वजनिक सभेचे त्रैमासिक आणि सभेकडून सरकारला धाडले जाणारे अर्ज यांचे काम गोखले यांच्याकडे आले. १८९० मध्ये ते सभेचे चिटणीस झाले. रानडे यांची पद्धत कठोर होती. सरकारी अहवालांचे आणि पार्लमेंटच्या निळ्या पुस्तकांचे ढीग समोर ठेवून त्यांतून एखाद्या प्रश्नापुरती माहिती वेचावयाची, ती पारखावयाची, मग मसुदा करावयाचा; तो रानडे वाचणार, खोडणार आणि पुन्हा लिहावयास लावणार. कित्येक अर्जांना सरकारकडून दोन ओळींची पोच येई, कित्येकांना तीही नसे. तरुण गोखले यांना याचा विषाद वाटे. रानडे यांची समजूत अशी होती की हे अर्ज नावाला सरकारकडे जात असले तरी ते वाचावयाचे आहेत लोकांनी. राज्यकारभाराचा विचार कसा करावा हे त्यांतून लोक शिकतील. हा विचार गोखले यांच्या मनात खोल रुजला. पुढे त्यांची विधिमंडळातील प्रत्येक भाषणे दोन श्रोत्यांना उद्देशून असत: एक समोर बसलेला, ज्याचे मत आधीच ठरलेले आहे; आणि दुसरा दूरवर वृत्तपत्र हातात घेऊन बसलेला, ज्याचे मत अजून घडावयाचे आहे.

याच काळात सोलापूरचे रावबहादूर गणेश व्यंकटेश जोशी यांचा त्यांना लाभ झाला. पेशाने शिक्षक असलेल्या या गृहस्थाचे हिंदुस्थानच्या अर्थकारणावरील प्रभुत्व असामान्य होते. शेतसारा, मिठावरील कर, लष्करी खर्च, विनिमयाचा दर यांविषयीचे आकडे त्यांच्या जिभेवर असत. गोखले यांच्या अनेक भाषणांमागे जोशी यांच्याशी झालेला पत्रव्यवहार आणि त्यांनी पुरविलेली टिपणे आहेत. गोखले यांनी हे ऋण कधी लपविले नाही.

इतक्या तयारीनिशी गोखले १८९७ मध्ये इंग्लंडला गेले. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे त्यांची साक्ष झाली. दिनशा वाच्छा, सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि मद्रासचे जी. सुब्रह्मण्य अय्यर हेही साक्षीदार होते. तीस वर्षांच्या या प्राध्यापकाने अनुभवी प्रश्नकर्त्यांच्या उलटतपासणीला जी उत्तरे दिली, त्यांनी त्यांचे नाव इंग्लंडात आणि हिंदुस्थानात एकदम पुढे आले. आणि त्याच दौऱ्यात त्यांच्या आयुष्यातील सर्वांत दुःखद चूक त्यांच्या हातून झाली.

पुण्यात प्लेग होता. घराघरांची झडती घेण्यासाठी गोरे सैनिक नेमले होते आणि त्यांच्या वागणुकीविषयी संताप पसरला होता. २२ जून १८९७ रोजी प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळी झाडली गेली. पुण्याहून आलेल्या विश्वासू स्नेह्यांच्या पत्रांत सैनिकांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचा आणि त्यांपैकी एकीने आत्महत्या केल्याचा मजकूर होता. गोखले यांनी तो खरा मानला आणि ‘मँचेस्टर गार्डियन’ या वृत्तपत्राला दिलेल्या मुलाखतीत सांगितला. इंग्लंडात खळबळ उडाली. मुंबईच्या गव्हर्नरांनी आरोप साफ नाकारला आणि पुरावा मागितला. जुलैअखेर गोखले मुंबईस उतरले तेव्हा पत्रलेखकांपैकी कोणीही पुराव्यानिशी पुढे येण्यास तयार नव्हते. त्यांची नावे गोखले यांनी उघड केली नाहीत. ऑगस्टच्या आरंभी त्यांनी गव्हर्नर, प्लेग समिती आणि सैनिक यांची बिनशर्त क्षमा मागितली.

याच दिवसांत लोकमान्य टिळक राजद्रोहाच्या आरोपाखाली पकडले गेले आणि सप्टेंबरात दीड वर्षाची शिक्षा घेऊन तुरुंगात गेले. एक नेता तुरुंगाची वाट चालतो आणि दुसरा माफी मागतो, हे दृश्य लोकांच्या नजरेत भरल्यावाचून कसे राहणार? पुण्यात गोखले यांची छीःथू झाली. काँग्रेसच्या वर्तुळातही त्यांच्याकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. सैनिकांच्या वर्तनाविषयीच्या तक्रारी सगळ्याच निराधार होत्या असे आज कोणी म्हणणार नाही. आणि म्हणूनच माफीची घटना अधिक बोचते. एखादी गोष्ट खरी असण्याची शक्यता असणे आणि ती चारचौघांत सिद्ध करून दाखविता येणे यांत जे अंतर आहे, ते गोखले यांनी आपल्या लौकिकाची किंमत देऊन मोजले. त्यांच्या टीकाकारांना तेव्हा त्यात केवळ भीरुता दिसली. परंतु ज्याला वक्त्याची जबाबदारी म्हणतात तिचा विचार केला, तर सिद्ध करता न आलेले विधान मागे घेण्याचे धैर्य आणि आपल्या माहितीदारांना उघडे न पाडण्याची सभ्यता, या दोन्ही गोष्टी त्या प्रसंगात आहेत, हे मान्य करावे लागते.

या घटनेनंतरच्या वर्षी ते स्वतः प्लेग निवारणाच्या कामात स्वयंसेवक म्हणून राबले. व्यासपीठावर ते परतले तेव्हा बदललेले होते. इतरांच्या तोंडची माहिती त्यांच्या भाषणांत येईनाशी झाली. विधान करावयाचे तर त्याचा आधार सरकारनेच छापलेल्या कागदात असला पाहिजे, हा दंडक त्यांनी स्वतःवर घालून घेतला. वक्तृत्वशास्त्रात प्रतिपक्षाचा पुरावा आपल्या बाजूने वळविण्याचे कौशल्य म्हणून ज्याची वाखाणणी केली जाते, ते गोखले यांच्या ठायी पोळलेल्या माणसाच्या सावधपणातून आले होते.

१८९९ मध्ये ते मुंबई कायदेमंडळावर निवडून आले. १९०१ मध्ये जमीनमहसूल विधेयकाच्या वेळी फिरोजशहा मेहता यांच्याबरोबर त्यांनी सभात्याग केला. पुढच्याच वर्षी मेहता यांनी रिकाम्या केलेल्या जागी ते वरिष्ठ विधिमंडळावर गेले आणि सुमारे अठरा वर्षांच्या सेवेनंतर फर्ग्युसन कॉलेजातून अल्प निवृत्तिवेतन घेऊन मोकळे झाले.

२६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्याच्या राजभवनात त्यांनी अंदाजपत्रकावरचे आपले पहिले भाषण केले. त्या वेळच्या नियमांप्रमाणे सभासदांना अंदाजपत्रकावर बोलता येई. ठराव मांडता येत नसे, मतही देता येत नसे. त्यामुळे चर्चेचा तो दिवस उपचाराचा मानला जाई. अध्यक्षस्थानी लॉर्ड कर्झन होते. सरकारच्या हाती सुमारे सात कोटी रुपयांची शिल्लक पडली होती आणि पूर्वी बोललेल्या सभासदांनी अर्थमंत्र्यांचे अभिनंदन केले होते. गोखले यांनी आरंभीच, आपल्याला या अभिनंदनात सामील होणे सदसद्विवेकाने शक्य नाही, असे सांगितले. मग त्यांनी शिल्लक म्हणजे काय, ती आली कोठून, याची फोड केली.

ती फोड पाहण्याजोगी आहे. हिंदुस्थान सरकारला दरसाल विलायतेत फार मोठी रक्कम पौंडांत द्यावी लागे: निवृत्तिवेतने, कर्जावरील व्याज, लष्कराचा खर्च. महसूल मात्र गोळा होई तो रुपयांत. पूर्वी रुपयाला दोन शिलिंग मिळत तेव्हा एक पौंड फेडावयास दहा रुपये पुरत. चांदीचा भाव कोसळत जाऊन रुपया तेरा पेन्सांच्या आसपास आला, तेव्हा त्याच पौंडाला साडेअठरा रुपये मोजावे लागले. ही तूट भरून काढण्यासाठी सरकारने नवे कर बसविले, जुने वाढविले. १८८८ मध्ये मिठावरील कर मणामागे दोन रुपयांवरून अडीच रुपये झाला तो याच ओढाताणीत. पुढे टांकसाळी बंद करून रुपयाचा भाव सोळा पेन्सांवर आणून ठेवण्यात आला. पौंड पंधरा रुपयांचा झाला. खर्चाचा ताण उतरला. कर मात्र होते तेथेच राहिले. शिल्लक वाढली ती प्रजेच्या भरभराटीमुळे नव्हे, कारण कारण संपल्यावरही वसुली चालू होती म्हणून. आणि तीही अशा वर्षांत की जेव्हा १८९६-९७ व १८९९-१९०० चे दोन भीषण दुष्काळ देशाने नुकतेच सोसले होते. मिठाच्या बाबतीत त्यांनी खपाचे आकडे ठेवले: कर कमी होता तेव्हा खप वाढत गेला, कर वाढल्यावर तो जागीच थबकला. गरिबाने मीठ कमी खाल्ले, याची ही सरकारी दप्तरातील नोंद होती. येथे एखाद्या भावनाप्रधान वक्त्याने उपाशी कुटुंबाचे चित्र रंगविले असते. गोखले यांनी ते काम श्रोत्यावर सोडले.

या भाषणात सरकारच्या हेतूविषयी संशय व्यक्त केलेला नाही. कोणाही अधिकाऱ्यावर वैयक्तिक आक्षेप नाही. विशेषणे मोजकी आहेत. मागणी नेमकी आहे: अमुक कर इतका उतरवा, शेताऱ्याचे ओझे हलके करा, उरलेला पैसा शिक्षणाकडे वळवा. प्रतिपक्षाला उत्तर देताना त्याचा मुद्दा त्याच्यापेक्षाही चोख शब्दांत मांडण्याची त्यांची सवय येथेच प्रथम दिसली. शिल्लक पाहून आनंदलेल्या सभागृहाला ती शिल्लकच दोषारोपपत्र वाटू लागावी, हा परिणाम केवळ मांडणीच्या क्रमाने साधला. देशभर हे भाषण वाचले गेले. १९०३ मध्ये मिठावरील कर आठ आण्यांनी उतरला आणि प्राप्तिकराची माफीची मर्यादा पाचशेवरून हजारावर गेली. १९०५ मध्ये मिठाचा कर दीड रुपया आणि १९०७ मध्ये एक रुपया झाला. हे सारे एका माणसाच्या भाषणांनी घडले असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. सरकारपाशी पैसा होता आणि इतरही दडपणे होती. परंतु मतदानाचा अधिकार नसलेल्या सभेत बोललेला शब्द अगदीच वाया जात नाही, एवढे त्यावरून दिसून आले.

अशा भाषणांची किंमत शरीराला मोजावी लागे. अंदाजपत्रक हाती पडल्यापासून चर्चेच्या दिवसापर्यंत अवधी थोडा असे. त्या काळात गोखले स्वतःला कोंडून घेत, रात्री जागवीत, एकेक आकडा पुन्हा पडताळीत. एरवी मृदू असलेला स्वभाव चिडखोर होई, असे त्यांच्या सहवासातील लोकांनी लिहून ठेवले आहे. मधुमेहाने पोखरलेल्या प्रकृतीला हे झेपणारे नव्हते. भाषण संपल्यावर ते दिवसेंदिवस थकलेले असत. सभागृहात जो संथ, सहज ओघ दिसे तो असा विकत घेतलेला होता.

१९०५ हे वर्ष त्यांच्या आयुष्यातील सर्वांत गजबजलेले. १२ जून रोजी पुण्यात त्यांनी भारत सेवक समाजाची स्थापना केली. त्यानंतर लाला लजपतराय यांच्यासह ते काँग्रेसचे प्रतिनिधी म्हणून इंग्लंडात गेले आणि दोन महिन्यांहून कमी काळात चाळीसच्या वर सभांतून बोलले. वर्षअखेर काशीच्या काँग्रेसचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. बंगालच्या फाळणीवर त्यांनी तेथे केलेली टीका इतकी तिखट होती, की त्यांना नेमस्त म्हणून बाजूला सारणाऱ्यांनी ती पुन्हा वाचावी. कर्झन यांच्या कारकिर्दीला त्यांनी औरंगजेबाच्या कारकिर्दीची उपमा दिली होती. संयम म्हणजे मिळमिळीतपणा नव्हे. वर्षानुवर्षे राखून ठेवलेला कठोर शब्द एकदाच उच्चारला गेला, म्हणून तो लागला.

त्यांच्या वाणीला एक मोठी मर्यादा होती आणि ती झाकून ठेवण्याचे कारण नाही. गोखले बहुशः इंग्रजीत बोलत. ज्यांच्या मिठाचा आणि शेतसाऱ्याचा हिशेब ते मांडीत, त्यांना त्यांचे भाषण ऐकून समजले नसते. टिळक मराठीतून थेट त्या माणसाशी बोलत होते. गोखले यांचा श्रोता सुशिक्षित हिंदी मनुष्य होता. मात्र तो साऱ्या देशात पसरलेला होता. मद्रासच्या ट्रिप्लिकेन भागातील एका हायस्कूलचे मुख्याध्यापक व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री १९०७ मध्ये नोकरी सोडून भारत सेवक समाजात आले, ते याच वाणीच्या ओढीने. पुढे समाजाचे अध्यक्षपद आणि इंग्रजी वक्त्याची आंतरराष्ट्रीय कीर्ती, दोन्ही त्यांच्याकडे आली.

१९०९ च्या सुधारणांनंतर सभासदांना ठराव मांडण्याचा अधिकार मिळाला. २५ फेब्रुवारी १९१० रोजी नाताळला करारबद्ध मजूर पाठविणे थांबवावे असा ठराव गोखले यांनी मांडला आणि सरकारने तो स्वीकारला. मार्च १९१२ मध्ये करारबद्ध मजुरीची पद्धतच सर्वत्र बंद करण्याचा ठराव त्यांनी आणला. तो सरकारी बहुमताने फेटाळला गेला. ती पद्धत मोडीत निघाली ती त्यांच्या मृत्यूनंतर.

परंतु त्यांच्या अंतःकरणाच्या जवळचा विषय प्राथमिक शिक्षणाचा होता. स्वतः सरकारने १९०४ च्या शिक्षणविषयक ठरावात कबूल केले होते की पाचांपैकी चार खेड्यांत शाळा नाही, चार मुलांपैकी तीन निरक्षर राहतात आणि चाळीस मुलींतून एकच शाळेत जाते. १९१० मध्ये गोखले यांनी सक्तीच्या व मोफत शिक्षणाचा ठराव मांडला आणि सरकारी आश्वासनानंतर मागे घेतला. १६ मार्च १९११ रोजी त्यांनी विधेयकच आणले. ते इतके सौम्य होते की त्याच्या सौम्यतेवरूनच त्यांच्या युक्तिवादाची कल्पना यावी. सहा ते दहा वर्षांच्या मुलांपुरती सक्ती. तीही ज्या नगरपालिकेला किंवा लोकल बोर्डाला हवी असेल तिनेच आणावयाची. तेथेही आधीच मुलांचे ठराविक प्रमाण शाळेत जात असले पाहिजे. सरकारची पूर्वपरवानगी हवी. दरमहा दहा रुपयांहून कमी मिळकतीच्या पालकाला फी नाही. विरोधकाला आक्षेप घेता येईल अशी प्रत्येक जागा त्यांनी आधीच भरून ठेवली होती. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९०६ पासून राज्यभर सक्ती चालू केली होती, तेव्हा हिंदुस्थानात हे अशक्य आहे असे म्हणण्याची सोयही उरली नव्हती.

वर्षभर गोखले प्रांतोप्रांती हिंडले. १८ आणि १९ मार्च १९१२ रोजी चर्चा झाली. बॅ. जिना, पंडित मदनमोहन मालवीय, भूपेंद्रनाथ बसू यांनी पाठिंबा दिला. सरकारी सभासदांबरोबर काही हिंदी सभासदही विरोधात उभे राहिले. कोणाला खर्चाची चिंता, कोणाला सक्तीचा तिटकारा, कोणाला शेतावरचे मजूर शाळेत गेले तर काय, ही न बोललेली धास्ती. निकाल काय लागणार हे गोखले यांना पहिल्या दिवसापासून माहीत होते. तरी समारोपाच्या उत्तरात त्यांनी एकेक आक्षेप घेतला, त्याच्या मागचे आकडे तपासले आणि तो शांतपणे खाली ठेवला. आपल्या पिढीच्या वाट्याला अपयशातून देशसेवा करणेच आले आहे, पुढची पिढी ती यशातून करील, अशा आशयाचे त्यांचे शेवटचे बोलणे होते. विधेयक चिकित्सा समितीकडे पाठविण्याचा प्रस्ताव अडतीस विरुद्ध तेरा मतांनी पडला.

युक्तिवादात हरला असता तर त्यात काही नवल नव्हते. येथे युक्तिवाद जिंकून मते गेली, आणि प्रामाणिक प्रतिपादनाने मन वळते या श्रद्धेवर ज्याने वीस वर्षे काढली त्याला ती कोठपर्यंत पोचते हे त्या संध्याकाळी दिसले असणार. मुंबई इलाख्यात नगरपालिकांना सक्ती करण्याची मुभा देणारा कायदा विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने १९१८ मध्ये झाला. साऱ्या देशातील सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला.

त्याच वर्षी, २२ ऑक्टोबर १९१२ रोजी, गोखले दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला उतरले. दौरा गांधीजींनी आखला होता आणि ते सतत बरोबर होते. तेथील हिंदी लोकांच्या सभेत कोणत्या भाषेत बोलावे हा प्रश्न निघाला, तेव्हा गांधीजींनी मराठीत बोलण्याचा आग्रह धरला. कोकणी मुसलमान आणि थोडे महाराष्ट्रीय हिंदू श्रोत्यांत होते, आणि हिंदुस्थानी भाषांतर आपण करू असे त्यांनी सांगितले. गांधीजींचे मराठीचे ज्ञान कितपत आहे याचा अंदाज असलेले गोखले मनापासून हसले, पण कबूल झाले. त्यानंतर त्या प्रवासात झांजिबारपर्यंत आपल्या लोकांच्या सभांतून ते मराठीत बोलले. साधे शब्द, आटोपशीर वाक्ये, पाल्हाळाचा अभाव, ही त्यांच्या बोलण्याची वैशिष्ट्ये गांधीजींनी पुढे नमूद केली आहेत. आयुष्यभर इंग्रजीच्या उंच व्यासपीठावर राहिलेल्या या वक्त्याला स्वभाषेतला श्रोता भेटला तो समुद्रापार, मृत्यूच्या अडीच वर्षे आधी.

मंत्र्यांच्या भेटीसाठी त्यांनी अशीच तयारी केली. चार वसाहतींतील हिंदी लोकांच्या प्रश्नाचा पूर्वीच्या अठरा वर्षांचा इतिहास त्यांनी गांधीजींकडून लिहवून घेतला आणि रात्र जागून आत्मसात केला. नाताळातील गिरमिटमुक्त मजुरांवरचा तीन पौंडांचा कर रद्द होईल, अशा समजुतीने ते बैठकीतून बाहेर आले. तसे झाले नाही. १९१३ मध्ये हजारो मजुरांनी संप केला, स्त्रिया तुरुंगात गेल्या; आजारी गोखले हिंदुस्थानात त्यांच्यासाठी निधी जमवीत फिरले; आणि १९१४ मध्ये कर उठला. केवळ बोलण्याने जे साधले नाही ते सोसण्याने साधले, हे गोखले यांनी पाहिले.

जानेवारी १९१५ मध्ये गांधीजी स्वदेशी परतले, तेव्हा त्यांनी वर्षभर देश पाहावा, सार्वजनिक प्रश्नांवर मतप्रदर्शन करू नये, असे वचन गोखले यांनी त्यांच्याकडून घेतले. प्रत्यक्ष पाहिल्यावाचून बोलू नये, एवढेच त्यामागे होते. आणि हा सल्ला देणाऱ्याला १८९७ चा ऑगस्ट आठवत नसेल असे वाटत नाही.

त्यांचे शेवटचे दिवस पुण्यात, भारत सेवक समाजाच्या वास्तूत गेले. गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या विनंतीवरून हिंदुस्थानच्या पुढील राज्यसुधारणांचा एक मसुदा त्यांनी अंथरुणावर पडल्यापडल्या तयार केला. तो १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी ते वारले. सिंहगडावर असलेले टिळक बातमी कळताच पुण्यात आले. पंचवीस वर्षे ज्यांच्याशी वाद झाला त्या प्रतिपक्ष्याच्या चितेपाशी ते उभे राहिले आणि जमलेल्या लोकांसमोर मराठीत बोलले.